भानुमतीबाईंचा पिवळा महिना

गारखेड्यात आमच्या गल्लीत बातमी अशी फिरली की भानुमतीबाईंनी गुरू केला आणि संसारातून लक्ष काढून घेतलं. पुरावा काय, तर पांढरी साडी. आठवडाभर ही बाई पांढऱ्या साडीत दिसली. नवरा, व्यंकटराव, तर चांगला ठणठणीत, रोज सकाळी पिशवी हलवत दूध आणायला जातो. मग दुसरं काय असणार? समोरच्या आवडाबाईंनी आश्रमसुद्धा ठरवून टाकला होता, पैठणच्या रस्त्याला कुठंतरी. व्यंकटरावांच्या जेवणाचं पुढं कसं, यावर दोन घरांत चर्चा होऊन डबा लावण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

तर तसं काहीही नव्हतं. गुरू नाही, आश्रम नाही आणि साडीसुद्धा पांढरी नाही. साडी मोतिया होती, तिला बारीक तपकिरी काठ होता, आणि भानुमतीबाई ती नेसत होत्या कारण मोतिया साडीवर कुठलंही ब्लाऊज खपून जातं. आता ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही बाईची असती तर सोडून दिली असती. पण भानुमतीबाईंना ‘खपून जाणारं’ ब्लाऊज घालावंसं वाटावं, यापेक्षा त्यांनी खरंच संन्यास घेतला असता तर गल्लीला कमी धक्का बसला असता.

कारण त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे मॅचिंगचं दुकान. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर रुबिया कापडाच्या ब्लाऊजपीसांच्या चवडी. लग्न होऊन आल्या तेव्हा व्यंकटराव कचेरीत कारकून होते आणि बाईंना दुपारभर काम नव्हतं. कुठल्याशा हळदीकुंकवात त्यांनी शेजारणीच्या कानात सांगितलं, “साडी डाळिंबी आहे आणि ब्लाऊज कुंकवाचं. सगळ्यांना दिसतंय, बोलत कोणी नाही.” शेजारीण आधी रुसली, मग दुसऱ्या दिवशी साडी घेऊन आली. तिथून हे सुरू झालं. पहिले पीस एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. पुढं ट्रंक गेली, फळ्या आल्या, फॉल-पिकोचं मशीन आलं, दारावर पाटी आली. व्यंकटराव निवृत्त झाले, बाई काही झाल्या नाहीत.

त्यांना माणसं रंगावरून आठवतात. “कुणाची सून म्हणता? वांगी रंगाची नारायणपेठ नेसून आली होती तीच ना?” असं विचारतील, आणि ती तीच असते. त्यांच्या दुकानात जाऊन ‘हिरवा द्या’ म्हणणं म्हणजे डॉक्टरकडं जाऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हणण्यासारखं. हिरवा म्हणजे कोणता? पोपटी, शेवाळी, रामा, मेंदी की बाटलीचा? आणि ट्यूबलाइटखाली त्या कधीच निकाल देत नाहीत. साडी आणि पीस दोन्ही उचलायचं, बाहेर ओट्यावर यायचं, उन्हात धरायचं, मान थोडी तिरकी करायची. मान सरळ झाली की पीस कापायचा. त्यानंतर गिऱ्हाइकानं शंका काढलेली त्यांना चालत नाही. आजवर कोणी काढलीही नव्हती.

मुलगा विश्वजित पुण्याला. त्यानं आईला चांगला मोठा फोन घेऊन दिला आणि दुकानाला जणू आणखी एक दार फुटलं. इथून लग्न होऊन नाशिकला, हैदराबादला, पुण्याला गेलेल्या पोरी साडीचा फोटो पाठवायला लागल्या: काकू, याला पीस पाठवा. बाईंची अट एकच, फोटो उन्हात काढायचा. मग त्या स्वतःही फोन घेऊन ओट्यावर यायच्या, फोनच्या काचेला कापड टेकवायचं, मान तिरकी, मान सरळ. इतकी वर्षं डोळ्यांनी केलं ते आता फोननं, पण चूक नाही. पोरी लिहायच्या, काकू, तुम्ही साडी न बघता कसं काय हो जमवता? बाईंना ते वाचायला आवडायचं. दोनदा वाचायच्या.

आणि मग तो महिना उजाडला.

आधी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा पीस परत आला. साडी आकाशी होती म्हणे, पीस आला राखाडी. बाई म्हणाल्या, हिनं फोटो सावलीत काढला असेल. मग नाशिकहून दुसरा. जांभळ्या साडीला आमसुली पीस गेला होता. मग हैदराबादची एक पोर, जिला बाईंनी शाळेच्या गणवेशापासून ओळखलेलं, तिनं फार अदबीनं लिहिलं की काकू, मी पांढरा मागितला होता, हा मलईसारखा वाटतो, पण असू द्या, मी घालेन. ‘असू द्या’ हे शब्द बाईंच्या जिव्हारी लागले. त्यांच्या धंद्यात असू द्या नसतं.

त्यांनी चोरून खात्री केली. दुपारी ओट्यावर आल्या, परत आलेला पीस फोनमधल्या फोटोला लावला. तंतोतंत. केसाइतकाही फरक नाही. नवऱ्याला हाक मारली.

“अहो, जरा बघा. जुळतंय ना?”

व्यंकटरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, फोन बघितला, कापड बघितलं.

“एकदम जुळतंय. का गं?”

“काही नाही. हाच फोटो तुमच्या फोनवर पाठवते, त्यात बघू.”

त्यातही जुळलं. दोन फोन, चार डोळे, सगळ्यांचं एकमत. आणि तिकडं ज्यांच्या अंगावर साडी होती त्या सगळ्या म्हणत होत्या, नाही जुळत.

बाकीही बारीकसारीक घडत होतं. सून फोनवर दिसली तर बाई तिला म्हणाल्या, किती उन्हात फिरतेस, चेहरा बघ कसा गव्हाळ झालाय, बेसन लाव. सून म्हणाली, आई, मी आठवडाभर घराबाहेर पडले नाही. 

मग त्या कोणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेल्या. आवडाबाईंनी त्यांना रिक्षात बसताना पाहिलं होतं; आश्रमाचा शोध त्यातूनच लागला असावा. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, थेंब घातले, आत दिवा मारून पाहिलं, आणि रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक काढलं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. बाईंनी सगळे आकडे वाचले, वर सांगितलं की या पानावरचा हिरवा आणि मागच्या पानावरचा हिरवा एक नाही. डॉक्टर हसले. म्हणाले, मावशी, डोळे तरण्या पोरीसारखे आहेत, जा आरामात.

माणूस डॉक्टरकडून हे ऐकून पेढे वाटतो. बाई रडवेल्या होऊन घरी आल्या. डोळ्यात दोष निघाला असता तर ऑपरेशन झालं असतं, चष्मा लागला असता, विषय मिटला असता. डोळे चांगले म्हटल्यावर बिघाड आणखी वर गेला, डोक्यात. आणि डोक्याचं त्यांनी घरात पाहिलं होतं. त्यांची थोरली बहीण, आक्का, शेवटच्या वर्षांत स्वतःच्याच साडीकडं बोट दाखवून ‘ही कुणाची?’ म्हणायची. ते सुरूही असंच हळूहळू झालं होतं. आधी एखादी गोष्ट, मग दुसरी. बाई हे बोलल्या कोणाशीच नाहीत. मोतिया साडी काढली आणि दुकानाचं दार अर्धं लोटून घ्यायला लागल्या.

नेमकं याच वेळी सरूबाईचं काम आलेलं होतं. सरूबाई बिडकीनची. शेतीवाडी तिकडं, लेक सायली शहरात नोकरीला, आमच्याच गल्लीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. सायलीचं लग्न ठरलं, पैठणला जाऊन बस्ता बांधला, आणि सरूबाईनं मानपानाच्या साड्यांचे सगळे ब्लाऊजपीस भानुमतीबाईंवर सोपवले. साड्या मात्र बिडकीनलाच. सरूबाईच्या सासूचा दंडक असा की बस्ता एकदा देवापुढं ठेवला की हळदीपर्यंत घराबाहेर न्यायचा नाही. म्हणून फोटो. त्यातली मुख्य साडी विहीणबाईंची, चिंतामणी निळ्या रंगाची पैठणी. विहीणबाई ब्लाऊज आधी शिवून घेणार, म्हणून पीस लवकर पोचायला हवा. आणि विहीणबाई कशा आहेत, हे सरूबाईनं एका वाक्यात सांगितलं होतं: “काकू, ती बाई चहात साखर कमी पडली तरी चार गावात सांगती.”

भानुमतीबाईंनी पीस निवडला होता. सायलीबरोबर नमुन्याचा तुकडा बिडकीनला गेला, आणि सरूबाईचा फोन आला. “काकू, जरा हिरवट वाटतंय व्हय? का माज्याच डोळ्याला तसं दिसतंय?”

“तुझ्या नाही,” बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि सायलीला निरोप दिला की आईला घेऊन ये, मला काम परत करायचंय.

रविवारी दुपारी दोघी आल्या. आत शिरता शिरता सरूबाईनं पायताण काढायच्या आधी सुरुवात केली.

“काम परत करताय म्हनं. मंग विहीनबाईचं ब्लाऊज काय मी वावरात हुडकू?”

“बस आधी,” भानुमतीबाई म्हणाल्या. “गुलमंडीवर चांगली दुकानं आहेत सरू. मी आता हे बंद करणार आहे.”

“का? काकांनी काय म्हनलं का?”

“ते काय म्हणणार. मला रंग कळेनासे झालेत.”

सरूबाई हसायलाच लागली, मग बाईंच्या तोंडाकडं बघून थांबली. बाईंनी मान खाली घातली होती. जन्मात पहिल्यांदा त्या हे वाक्य मोठ्यानं बोलल्या होत्या, आणि बोलल्यावर ते जास्तच खरं वाटायला लागलं होतं.

सायलीनं तेवढ्यात ऑफिसची पिशवी उघडली. डबा बाजूला केला, छत्री बाजूला केली, आणि तळातून मलमलीत गुंडाळलेली एक घडी काढली.

“आजीला सांगू नका,” ती म्हणाली. “ती झोपली होती. संध्याकाळच्या दिव्याच्या आत परत ठेवायचीय.”

“अगं बया, देवापुढून उचलली?” सरूबाई म्हणाली.

“देवाला विचारून उचलली. आजीला नाही विचारलं.”

घडी दिवाणावर उलगडली. भानुमतीबाई लांबच बसल्या होत्या, पण नजर गेली आणि तोंडातून आपोआप निघालं, “चिंतामणी. जरा गडद घेतलाय. काठ राणी. पदरात मात्र पोपटीचा धागा आहे, तो चुकवू नका.”

“मंग?” सरूबाई म्हणाली. “काय कळंना झालं म्हनं तुमाला?”

बाई उठल्या. साडीजवळ आल्या, हात फिरवला. मग स्वतःचा फोन काढला आणि सरूबाईनं पाठवलेला फोटो उघडला. फोन त्यांनी थेट साडीवरच ठेवला. साडी चिंतामणी, आणि काचेतली साडी शेवाळलेल्या हौदासारखी. त्या बघत राहिल्या. 

“सायली, हाच फोटो तुझ्या फोनात आहे?”

“आहे की.”

“दे इकडं.”

दोन फोन साडीवर शेजारी शेजारी ठेवले. सायलीच्या फोनात चिंतामणी, यांच्या फोनात हौद. भानुमतीबाई तरातरा आत गेल्या आणि परत आलेले पीस आणि बाकीच्यांचे उरलेले तुकडे घेऊन आल्या. राखाडी, आमसुली, मलई, हिरवट. दिवाणावर ओळीनं मांडले. मान तिरकी झाली.

“डोक्यानं चूक झाली असती,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर एक तांबड्याकडं गेला असता, एक काळ्याकडं गेला असता. हे सगळे एकाच बाजूला पळालेत. बघ, ज्यात त्यात निळं कमी झालंय. कोणीतरी सगळ्यांवर हळद शिंपडल्यासारखं.”

मान सरळ झाली. सायलीनं एव्हाना त्यांचा फोन उचलून वरून बोट खाली ओढलं होतं.

“काकू, हे तुम्ही लावलंय?”

“काय?”

“ब्लू लाइट फिल्टर. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असतं. यानं स्क्रीन पिवळी होते. लोक संध्याकाळपुरतं थोडं लावतात. तुमच्याकडं दिवसरात्र चालू आहे, आणि अगदी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलंय.”

“मी कशाला लावू? मला ते कुठं असतं हेसुद्धा माहीत नाही. बंद कर.”

सायलीनं बोट टेकवलं. दिवाळीआधी भिंतीला चुना दिला की खोली कशी एकदम मोठी दिसते, तशी ती काच उजळली. हौद गेला आणि चिंतामणी आला, गडद, थंडगार, साडीतून सांडून फोनात गेल्यासारखा.

“परत लाव,” बाई म्हणाल्या.

सायलीनं लावलं. हौद.

“बंद कर.”

चिंतामणी.

“अजून एकदा.”

“काकू, बटन झिजंल,” सरूबाई म्हणाली, पण बाईंनी फोन हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या बोटानं करून पाहिलं. मग दिवाणाच्या कडेला बसल्या, पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. सरूबाईला आधी कळेना की रडतायत की हसतायत, म्हणून तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बाईंनी अख्खा तांब्या संपवला.

“आक्कासारखं नाही झालं मला,” त्या म्हणाल्या. हे दोघींना काहीच कळलं नाही, आणि बाईंनीही समजावलं नाही. महिनाभर छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेलं होतं, त्याची ओळख करून द्यायची काय गरज?

मग त्यांचा चेहरा बदलला.

“अहो,” त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली. साधीच हाक, पण आत वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. व्यंकटराव दारात उभे राहिले.

“हे तुम्ही केलं?”

व्यंकटरावांनी फोनकडं पाहिलं. खोटं बोलणं त्यांना कचेरीतही जमलं नव्हतं.

“मीच केलं. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आलं होतं, निळ्या किरणांनी डोळ्याचा पडदा जातो. तू दिवसभर त्या फोनात बघतेस. माझ्याही फोनात केलंय.”

“टोकाला नेऊन?”

“काळजी घ्यायची तर पूर्ण घ्यावी म्हटलं.”

“मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू लावू दिलं असतंस?”

यावर सरूबाईनं साडीच्या घडीत तोंड लपवलं.

“आणि मी तुम्हाला विचारलं, जुळतंय का, तेव्हा?” बाईंनी विचारलं.

“जुळतच होतं की,” व्यंकटराव म्हणाले. “मी दिसलं ते सांगितलं.”

बाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की सायलीनं पुढं होऊन त्यांचाही फोन मागून घेतला आणि त्यातलंही ते बंद करून टाकलं. व्यंकटरावांनी काच बघितली आणि डोळे किलकिले केले. म्हणाले, “हे फारच पांढरं आहे.” कोणी लक्ष दिलं नाही.

उरलेली दुपार आमच्या गल्लीनं बघण्यासारखी होती. दुकानाचं दार सताड उघडलं गेलं. भानुमतीबाई चिंतामणी पैठणी आणि पाच-सहा पीस घेऊन ओट्यावर आल्या, मागं सरूबाई आणि सायली, दोघी आडोसा धरून, कारण पैठणी लपवायची होती आणि उन्हातही धरायची होती. मान तिरकी झाली, सरळ झाली, कात्री चालली. सरूबाईनं पीस पैठणीवर ठेवला तर कुठून साडी संपते आणि कुठं पीस सुरू होतो, ते बोटानं चाचपून बघावं लागलं.

“आता काढू दे तिला खोड,” ती म्हणाली. खोड काढणारी कोण, ते सांगायची गरज नव्हती.

सायली घड्याळ बघत आईला घेऊन पळाली, आजीच्या दिव्याच्या आत पोचायला. भानुमतीबाईंनी मग फोनवर फोन लावले. पुण्याला, नाशिकला, हैदराबादला. प्रत्येकीला सांगितलं की पीस बदलून येतोय आणि चूक माझ्या फोनाची होती. हैदराबादच्या पोरीला दरडावलं, “असू द्या म्हणायचं नाही. भांडायचं.” सुनेला समोरासमोर फोन करून नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, बेसन राहू दे, तू चांगली गोरीगुलाबी आहेस. सुनेला काय झालं ते कळेना, पण ती खूश झाली.

मोतिया साडी दोरीवर गेली. बाई अंजिरी साडी नेसून, त्यावर नेमक्या अंजिरी ब्लाऊजमध्ये ओट्यावर येऊन बसल्या. समोरून आवडाबाईंनी विचारलं, “काय हो, गुरुमाऊलींनी परत पाठवलं का?” बाईंना काही अर्थबोध झाला नाही. त्यांनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं की तुमच्या पोपटी साडीवर ते ब्लाऊज मेंदी आहे. बऱ्याच दिवसांनी कोणाला तरी तोंडावर चूक सांगितली होती. आवडाबाईंना राग आला आणि बाईंना भूक लागली.

व्यंकटरावांनी स्वतः चहा केला. दोन कप घेऊन ओट्यावर आले, थोडं अंतर राखून बसले. चहा निम्मा झाला. मग त्यांना राहवलं नाही.

“एक मात्र कबूल कर,” ते म्हणाले. “या निमित्तानं तुझी तपासणी झाली. डोळे उत्तम आहेत हे कळलं. आणि मी जे केलं ते काळजीपोटीच केलं.”

भानुमतीबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “काळजी वाटली तर तोंडानं सांगत जा. भांडण होईल, होऊ दे. भांडताना मला सगळे रंग नीट दिसतात.”